आडवं जायचं काम

बस चालवायला माणूस लागेनासा झाला तेव्हा डेपोतल्या दोनच ड्रायव्हरना चाचणीच्या मैदानावर काम मिळालं. लंबू बिनड्रायव्हरच्या बसमध्ये लाल बटणावर हात ठेवून बसायचा. त्याचा जोडीदार त्याच बससमोरून रस्ता ओलांडायचा. बस थांबली की पलीकडे जायचं, वळायचं, पुन्हा यायचं.

"म्हणजे मांजराचं काम," जोडीदाराची बायको म्हणाली होती. "आडवं जायचं."

सुरुवातीला बस चुकायची. तो छत्री धरून गेला, खोकं डोक्यावर घेऊन गेला, लंगडत गेला. बस गोंधळायची, लंबू बटण दाबायचा, इंजिनिअर मॅडम चूक दुरुस्त करायच्या. एकदा शिकवलेलं बस विसरत नसे. हळूहळू तिला तो कसाही ओळखू येऊ लागला.

"महिनाभर चुकली नाही," डबा खाताना लंबू म्हणाला. "आता आपल्याला नारळ."

"तुला तरी काय काम उरलंय?"

"काही नाही. हात नुसता ठेवतो. कधी कधी डोळाही लागतो."

जोडीदार हसला नाही. मैदानाच्या कडेला प्लास्टिकचा मोठा कागद पडला होता, त्याच्याकडे बघत राहिला. उडत्या प्लास्टिकला बिचकून बस वाटेत थांबायची. थांबू नकोस, हे तिला मागेच शिकवलं होतं.

दुपारी त्याने तो कागद अंगावर ओढला, पाय झाकले जातील इतका खाली वाकला आणि निघाला. कोणाला विचारलं नाही. कागद फडफडत होता. आतून रस्ता धूसर दिसत होता, बसचा आवाज मात्र स्पष्ट येत होता. आवाज कमी होईल, निदान लंबू तरी बटण दाबेल, असं धरून तो चालत राहिला.

लंबूने बटण दाबलं. उशिरा.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. संध्याकाळी लंबू दवाखान्यात आला आणि पलंगापासून लांबच उभा राहिला.

"चूक मोठी सापडली म्हणाल्या मॅडम. सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. वर्षभराचं काम निघालं."

"बघ," तो म्हणाला. त्याच्या सुजलेल्या तोंडावर हसू आलं. "आणि मी?"

लंबू खाली बघत म्हणाला, "चालणारं माणूस हवंय रे त्यांना. उद्यापासून."

उशाशी बसलेल्या बायकोने विचारलं, "भावजी, बायका घेतात का?"

"वेड लागलंय का तुला?" तो उठायला गेला आणि कळवळला.

"घेतात, वहिनी," लंबू हळूच म्हणाला. "बायकांची चाल अजून फारशी तपासलेली नाही."

"मग उद्या येते मी तुमच्याबरोबर."

तो पुन्हा उशीवर टेकला. मग म्हणाला, "माझ्यासारखं काही करू नकोस. नुसती सरळ चाल."

"सरळ चालले," ती त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "तर ठेवतील किती दिवस?"