आधी गाऱ्हाणं

“भागूबाई, हातातलं टाक आणि फोन घे,” मुकादमीण म्हणाली. भागूबाईने ओली चादर तशीच टाकली आणि फोन घेतला.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. लिफ्टला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, ढग गडगडला तरी कानावर हात ठेवायची, म्हणून सगळ्यांनी तिची भित्री भागूबाई करून टाकली होती. तिनेही ते हसून मान्य केलं होतं.

फोन नवऱ्याच्या कामावरून होता. गटाराचे मोठे पाइप टाकायला खणलेला चर ढासळला होता. आत दोघं होते, तिचा नवरा आणि त्याचा जोडीदार.

ती पोहोचली तेव्हा चराच्या जागी नुसता ओल्या मातीचा उतार होता. अग्निशमन दलाची माणसं खोऱ्यांनी, हातांनी माती उपसत होती. यंत्र लावलं तर उरलीसुरली भिंतही खाली येईल, म्हणत होती. त्यांच्या अधिकाऱ्याने तिला वीसेक पावलांवर नेलं. तिथे आधी टाकलेल्या पाइपचं तोंड उघडं होतं.

“तुमचे यजमान याच्या दुसऱ्या टोकाशी अडकलेत. छातीपर्यंत माती आहे, पण डोकं पाइपात आहे. हवा मिळतेय. फक्त त्यांना ग्लानी येतेय. झोपू द्यायचं नाही. बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. आवाज ओळखीचा हवा.”

ती गुडघ्यांवर बसली. आत अंधार होता आणि त्या अंधारात कुणीतरी कष्टाने श्वास ओढत होतं. बावीस वर्षं या माणसाशी ती मिठापासून मरणापर्यंत सगळं बोलली होती. आता एक शब्द सुचेना. शेवटी तोंडातून आपोआप आलं ते स्तोत्र.

सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघरात बायबलातली तीन स्तोत्रं मोठ्याने म्हणायच्या. आधी गाऱ्हाण्याचं, मग आभाराचं, शेवटी स्तुतीचं. ऐकून ऐकून हिला सगळी पाठ झाली होती. पण गाऱ्हाणं सुरू झालं की ही भांडी जोरात आपटायची. देवाला असं तोंडावर विचारायचं आणि त्याला राग आला म्हणजे?

“एवढं भांडू नका हो त्याच्याशी,” एकदा ती न राहवून म्हणाली होती.

“अगं, भांडण घरच्याशीच होतं,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “परक्याशी माणूस गोडच बोलतो.”

तिने स्तुतीचं धरलं. डोंगरांनी, समुद्रांनी, साऱ्या सृष्टीने आनंद करावा असं ते होतं.

“ए...” आतून आवाज आला. “डोंगर राहू दे. डोंगरच पडलाय अंगावर.”

हसावं की रडावं तिला कळेना. “मग काय म्हणू हो?”

“आईचं ते... भांडणाचं.”

एवढं संकट कोसळलेलं, त्यात आणखी वरच्याचा राग ओढवून घ्यायचा? पण आतला श्वास मंद होत चालला होता. तिने दबकत सुरुवात केली. देवा, कुठवर तोंड फिरवून बसणार, असं विचारणारं ते स्तोत्र. चार ओळी आठवल्या आणि पुढचं भीतीने पुसूनच गेलं. थांबता येत नव्हतं. मग तिचं स्वतःचंच बाहेर पडायला लागलं.

“झोप लागलीय का तुला? कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस आहे हा. यानं तुझं काय घोडं मारलंय? पाइप टाकायला उतरला होता, पोटासाठी. दिसतोय ना तुला? मग नुसता बघतोस काय? हात लाव की!”

खोरी क्षणभर थांबली. आतून खोकत, अडखळत “आमेन” आलं. बावीस वर्षांत तो शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तेवढ्यात जोडीदाराची बायको धावत आली. “माझे बोलतात का गं?”

भागूबाईने पाइपाकडे तोंड केलं. “अहो, भावजी कसे आहेत?”

ती बाईही पाइपाच्या तोंडाशी वाकली.

“हात हातात आहे त्याचा,” तो म्हणाला. “मघापर्यंत दाबत होता.”

तो हळूच बोलला होता, पण पाइपातून ते घुमत आलं. दोघींनीही ऐकलं. ती बाई होती तिथेच मातीत बसली.

चार वाजता भागूबाईच्या नवऱ्याला बाहेर काढलं. पाय मोडला होता, पण जिवंत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई आल्या होत्या. त्यांनी लेकाचं कपाळ कुरवाळलं आणि त्या आभाराचं स्तोत्र पुटपुटायला लागल्या. भागूबाईच्याही गळ्यापर्यंत ते आलं. मग तिला पाइपावर हात ठेवून बसलेली ती बाई दिसली, आणि तिने ते गिळलं.

“आई येईल माझ्याबरोबर,” स्ट्रेचरवरून नवरा म्हणाला. “तू थांब तिच्यापाशी. एकटी आहे ती.”

रुग्णवाहिका गेली. त्या बाईशेजारी जाऊन बसण्याची तिला सकाळपासूनच्या सगळ्यापेक्षा जास्त भीती वाटली. तरी ती बसली.

“तुझं ऐकलं त्यानं,” ती बाई म्हणाली.

“हो.”

“माझं का नाही?”

“मला नाही माहीत गं.”

“मग विचार त्याला. मघाशी विचारत होतीस, म्हणत होते सगळे. मला नाही येत तसं.”

भागूबाई गाऱ्हाण्याची एकेक ओळ म्हणू लागली. मघाशी पुसल्या गेलेल्या ओळीही आता आठवत होत्या. ती बाई मागून म्हणत होती, दात आवळून. शेवटच्या दोन ओळींत स्तोत्र आभाराकडे वळत होतं. तिथे भागूबाई थांबली.

“संपलं?”

“नाही. थोडं आहे पुढं.”

“राहू दे.”

ऊन कलल्यावर जोडीदाराला वर आणलं. माणसांनी हेल्मेटं काढली. भागूबाईने बादलीभर पाणी आणि स्वच्छ फडकं मागून घेतलं, आणि वाकून त्याच्या कपाळावरची, पापण्यांवरची, मिशांतली माती अलगद पुसत गेली. बायको त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती.

“कानामागं राहिलंय बघ,” ती म्हणाली.