ब्रिटाबाईंची शोकसभा

"निरंजनभाऊ, हार घातला ते ठीक. पण ही बाई कोण आहे?" धर्मपालने फोटोकडे बोट दाखवलं.

"अबे, तुझीच लेखिका ना. स्वीडनवाली."

"ही तर बर्फावर घसरायची खेळाडू आहे. जित्ती आहे."

निरंजनभाऊ मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी फोटो जवळून पाहिला. "आता दोन मिनिटं मौन पाळून झालं, धर्मपाल. वापस थोडी घेता येते."

ब्रिटा ओस्टेलिन वारल्याचं हिंदी मुलखातल्या समता कॉलोनीच्या या मराठी मंडळाला धर्मपालनेच कळवलं होतं, हीच त्याची चूक. तो सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टी सांभाळतो. भट्टी बसवायला आलेला स्वीडिश इंजिनिअर दोन वर्षं राहिला, त्याच्याशी बोलायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून धर्मपालला स्वीडिश येतं. ब्रिटाबाईंची कादंबरी तो नऊ वर्षं मराठीत आणत होता. बाई प्राध्यापक. कादंबऱ्यांतली माणसं माफी कशी मागतात, यावर त्यांनी सातशे पानं लिहिली होती. धर्मपालच्या दोनशे बारा शंकांना त्यांनी हाताने उत्तरं लिहून पाठवली. शेवटच्या पत्रात एकच मागणं होतं: एक पान चार माणसांत मोठ्याने वाचा.

आज चार नाही, पस्तीस माणसं होती. एका वक्त्याने बाईंना मराठीची लेक म्हटलं. दुसऱ्याने अर्धा तास स्वतःच्या युरोप सहलीला श्रद्धांजली वाहिली.

"आता मले पाच मिनिटं द्या, भाऊ. तुम्ही कबूल केलं होतं."

"आलूबोंडे थंडे होऊन राहिले. तू असं कर, ग्रुपवर टाकून दे."

"काहून टाकू?" धर्मपालचा आवाज मागच्या भिंतीवर आपटला. "भट्टीची ड्यूटी करून नऊ वर्षं लिहिलं मी! तुमच्यातल्या एकानं एक ओळ वाचली? जित्त्या बाईले मारलं तुम्ही, आन् मेलेल्या बाईले बोलू देत नाही!"

"शोकसभेत असं चिल्लावते का कोणी?" अध्यक्ष दुखावले आणि बोंड्यांकडे गेले. त्यांच्यामागे सगळे.

धर्मपालने फोटोवरचा हार काढला. माईकवाला वायर गुंडाळत होता. धर्मपालने फाईल उघडली आणि तसंच वाचायला सुरुवात केली, शिव्या द्याव्यात तसं.

पहिल्या रांगेत त्याची मुलगी दीक्षा एकटीच उरली होती. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"पापा, थोड़ा धीरे. समझ में आ रहा है."

तो हळू वाचू लागला. खुर्च्या गोळा करणारा माणूस तिच्यापाशी थांबला. "दीदी, ये भी उठानी है."

ती हलली नाही. "आगे पढ़ो, पापा."

पान संपलं होतं. धर्मपालने दुसरं काढलं. खुर्चीवाला तिला वळसा घालून मागच्या रांगेकडे गेला, आणि खुर्च्या आवाज न करता एकावर एक ठेवू लागला.