हिरीचं पानी

आमच्या सुपे गावाच्या वेबसाइटवर इथल्या म्हाताऱ्यांचे आवाज होते. माझा जुना विद्यार्थी हनुमंत, हल्ली कारखान्यात कामाला, त्याने ते हौसेने गोळा केले होते. पण फुकटात जागा देणारी कंपनी आज संध्याकाळी ती वेबसाइट बंद करणार होती. म्हणून आठवीची पोरं सकाळपासून एकेक पान उतरवून शाळेच्या संगणकात साठवत होती. मी मराठीची बाई. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, पण पोरांना दटावायला कुणीतरी लागतंच.

दुपारी रतनबाई आल्या. "बाई, मालकांचा आवाज घावला का?"

त्यांचे मालक म्हणजे छगनराव. ते गेले, आणि त्यांचा आवाज या वेबसाइटशिवाय कुठेच उरला नव्हता. आठवीतल्या ज्ञानेश्वरीने 'छगन' शोधलं, 'विहीर' शोधलं, 'पाणी' शोधलं. काही मिळेना. हनुमंताला विचारावं तर त्याचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा. पानं शेकड्यांनी उरलेली आणि चार वाजत आलेले.

"आजी, आजोबा नक्की कशाचं बोलले हुते?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"आपल्या हिरीचं पानी कसं लागलं, त्ये सांगितलं हुतं की."

पोरीने ऐकलं तसंच टाइप केलं: हिरीचं पानी.

"अगं, विहीर! आणि नळातला न काढ, बाणातला ण घाल!" मी ओरडले.

पण तोवर पान उघडलंसुद्धा. हनुमंताने मथळे बोलतो तसेच लिहिले होते! शाळेत त्याच्या वह्या तपासताना माझी लाल पेनं संपली, तरी हा गडी जसाच्या तसा. आयुष्यात पहिल्यांदाच अशुद्ध लेखन पाहून माझा जीव भांड्यात पडला.

छगनराव बोलू लागले. "समदे म्हनले, हितं खडक हाय. एकली रतन म्हनली, हितंच खना. लई हुशार बाई. तिच्यामुळं पानी लागलं."

रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या.

"माझ्या तोंडावर कंदी म्हनले न्हाईत! पुन्यांदा लाव गं."

ज्ञानेश्वरीने पुन्हा लावलं. मग ते पान संगणकात साठवलं, वर पेन ड्राइव्हवरही घेतलं. सगळं नीट झाल्यावर तिने भीत भीत माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मथळा शुद्ध करू?"

"खबरदार हात लावलास तर!"