राखेची रेघ

बुडाला भोकं पाडलेल्या डब्यातून चुलीची राख झटकत स्कोव्हिया वाकून मागे मागे सरकत होती, आणि रेघेबरोबर मनात हिशेबही ओढत होती. मिळायचं होतं ते बरंच होतं. शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधला वर्षभराचा प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम, जाण्यायेण्यासकट. परत आल्यावर कंपालातल्या कुठल्याही चांगल्या शाळेत नोकरी. आणि आईला रविवारी चर्चच्या पायरीवर रेंगाळायला एक कारण. त्यासमोर तिने मांडलं होतं ते किरकोळ. सुट्टीतले दोन आठवडे, शहरातल्या शाळांच्या दारात उभं राहून मागून आणलेले जुने चेंडू, आणि वर्गमित्र मुवांगा, जो फुकट मिळाला होता आणि हे दिवसातून दोनदा ऐकवत होता. सौदा असा, की तोट्याची बाजू कोरीच.

"रेघ वाकडी गेली," मुवांगा वरून म्हणाला. तो निलगिरीच्या खांबावर चढून चेंडू टाकायचं लोखंडी कडं बांधत होता.

"खळं वाकडं आहे. रेघ सरळच आहे."

"अर्जातही असंच लिहिलं असशील."

अर्जात तिने जे लिहिलं होतं ते मुवांगाला पाठ होतं, म्हणून तर तो टोचत होता. विद्यार्थ्यांच्या सेवा मंडळातर्फे गावातल्या मुलींसाठी मोफत नेटबॉल शिबिर, एवढं सगळेच लिहितात. स्कोव्हियाने शिबिराला नाव दिलं होतं 'गुडघ्यांवरून पायांवर'. आमच्या खेड्यातली मुलगी मोठ्यांशी बोलताना गुडघे टेकते, त्यांच्याकडून घेताना टेकते, त्यांना देताना टेकते. मी तिला उभी करीन. निवड समितीला हे वाक्य इतकं भावलं, की शेवटच्या दिवशी आमचा माणूस स्वतः बघायला येईल, असं उत्तर आलं. ते वाक्य लिहायला बसण्याआधी स्कोव्हियाने बाबांपुढे गुडघे टेकून मातोकेचं, उकडलेल्या केळ्यांचं, ताट ठेवलं होतं. पण अर्ज गावाबद्दल होता, घराबद्दल नव्हता.

पहिल्याच दिवशी कळलं, की वाक्य अगदी खरं आहे आणि खेळाच्या फार आड येतं. नेटबॉलमध्ये चेंडू हातात आला की तीन सेकंदांत सोडावा लागतो. स्कोव्हिया चेंडू टाकायची, मुलगी तो दोन्ही हातांनी झेलायची, आणि बाईंच्या हातून आलेली वस्तू म्हणून तिथल्या तिथे गुडघे टेकून म्हणायची, "आभारी आहे, बाई." तोवर मुवांगाची शिट्टी. मुलगी उठायची, धूळ झटकायची, चेंडू बाईंना परत द्यायची, आणि देताना पुन्हा टेकायची.

"पाद्रीबाबांना बोलावू का?" मुवांगाने विचारलं. "प्रार्थना छान चाललीय."

स्कोव्हियाने सगळ्यांना रेघेजवळ गोळा केलं.

"नीट ऐका. या राखेच्या रेघेच्या आत कुणी कुणापुढे गुडघे टेकायचे नाहीत. माझ्यापुढे नाही, या दादापुढे नाही."

"आणि बिशप आले तर?" मागून एकीने विचारलं.

"बिशपांनी चेंडू टाकला तरी."

मुली खिदळल्या. बिशप अंगरखा सावरत चेंडू टाकतायत, हे एकीने करूनही दाखवलं. हसली नाही ती एकटी नाकिमुली. सांगितलेलं ती मनात घडी घालून ठेवत होती. काटक अंगाची, लांब हातांची ही मुलगी एकदा ऐकलेलं विसरत नसे, आणि तिच्या आजीच्या मते तिच्यात तेवढा एकच गुण होता.

आजी म्हणजे नालोंगो. जुळी मुलं झाली तेव्हा गावाने दिलेला हा मान. जुनं नाव कुणी घेतलं असतं तर तिने मागे वळून पाहिलं नसतं. खळंही तिचंच. उतारावरच्या त्या गावात सपाट जागा एवढी एकच, आणि तिच्यावर दर हंगामात तिची कॉफी वाळायची. स्कोव्हिया खळं मागायला गेली तेव्हा दारातच गुडघे टेकून बसली होती. कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

"चेंडू फेकून पोरींना काय मिळणार?" नालोंगोने विचारलं होतं.

"धीट होतील."

"माझी नात धीटच आहे. उलट बोलते."

"मग लवकर शिकेल."

नालोंगो दात दाखवून हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने कॉफी उचलून परसात केळीखाली पसरली होती. तिथे ऊन कमी. ते तिने बोलून दाखवलं नाही आणि स्कोव्हियाने विचारलं नाही. रोज दुपारी नालोंगो रेघेबाहेर चटई टाकून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायची. हळूहळू इतर बायकाही आपापल्या टोपल्या घेऊन येऊ लागल्या. खेळ त्यांना समजत नव्हता, पण कुणाची पोर कुणाच्या पोरीला धक्का देते हे नीट समजत होतं.

आणि मुली खरंच उभ्या राहिल्या. आधी चुकत, एकमेकींना ढोसत, मग सवयीने. नाकिमुली चेंडू हवेत असतानाच ठरवायची की तो पुढे कुणाला द्यायचा. तिच्या हातात तो सेकंदभरही थांबेनासा झाला. स्कोव्हिया तिच्याकडे बघायची तेव्हा इंग्लंड विसरायची, आणि मग आठवण झाली की स्वतःवरच चिडायची.

शेवटच्या दिवशी समितीच्या आकेलोबाई आल्या. उत्तरेकडच्या, उंच, करड्या पॅन्टमधल्या, मोजकं बोलणाऱ्या. गावातल्या बायकांनी त्यांच्या स्वागताला ठेवणीतल्या पायघोळ बुसूती नेसल्या होत्या, खांद्यांची टोकं ताठ आणि कमरपट्टे झळझळीत. आकेलोबाईंना झाडाखाली खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

"छान ताठ उभ्या राहतात मुली," काही वेळाने त्या म्हणाल्या.

"पहिल्या दिवशी बघायला हवं होतं," स्कोव्हिया म्हणाली, आणि आवाजातला आनंद लपवायला तिने उगीच बुटाची नाडी बांधली.

तेवढ्यात चेंडू कुणाच्या तरी बोटाला लागून रेघेबाहेर गेला. घरंगळत नालोंगोच्या टोपलीपाशी येऊन थांबला. तो आत फेकायची पाळी नाकिमुलीची. नालोंगोने टोपली बाजूला सारली, चेंडू उचलला, कमरपट्ट्याच्या टोकाने त्याची माती पुसली आणि दोन्ही हातांनी नातीपुढे धरला. आलेल्या पाहुणीसमोर आपली नात आपल्या हातून काही घेणार, म्हणून ती बसल्या जागी जरा सावरूनही बसली.

नाकिमुली धावत आली. एक पाय रेघेच्या आत, एक बाहेर. ताठ उभी. एक हात पुढे.

"दे लवकर, आजी! तीन सेकंद!"

कुणाच्या तरी बोटांत शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. नालोंगोने हात मागे घेतले नाहीत, पण चेंडूही सोडला नाही.

"कुणाला म्हणतेस?" तिने हळूच विचारलं. त्या हळू आवाजानेच बायकांनी नजरा खाली घातल्या.

नाकिमुलीचे गुडघे किंचित वाकले, मग पुन्हा सरळ झाले. तिने मान वळवून स्कोव्हियाकडे पाहिलं. त्या पाहण्यात बंड वगैरे काही नव्हतं. बाईंनी सांगितलं ते तिने केलं होतं. आता पुढचं बाईंनी सांगायचं होतं. मुवांगाच्या तोंडात शिट्टी होती. तीन सेकंद केव्हाच होऊन गेले होते, आणि त्याला फुंकायचं सुचत नव्हतं.

आकेलोबाईही इकडेच बघत होत्या. याहून चांगला देखावा स्कोव्हियाला मागूनही मिळाला नसता. नाकिमुली अशीच आणखी क्षणभर उभी राहिली, की इंग्लंड. इतकं सोपं होतं ते. मग संध्याकाळी स्कोव्हिया मोटारसायकलवर मागे बसून निघून जाईल, आणि नाकिमुली याच घरात, याच आजीसमोर जेवायला बसेल. आज, उद्या आणि पुढची सगळी वर्षं. तोट्याची बाजू कोरी नव्हतीच. तिथे दुसरीचं नाव होतं, म्हणून तिला दिसलं नव्हतं.

ती चालत गेली. खळं ओलांडायला तिला बराच वेळ लागला. नाकिमुलीच्या शेजारी, रेघेवरच, तिने दोन्ही गुडघे टेकले. राख उडून तिच्या निळ्या पॅन्टला लागली. तिने दोन्ही हात पुढे केले.

"चूक तिची नाही, नालोंगो. मी शिकवलं ते तिने केलं. मी अर्धंच शिकवलं."

नालोंगोने तिला न्याहाळलं. मग तिच्या पलीकडे, झाडाखाली उभ्या असलेल्या पाहुणीकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. काहीतरी तिच्या लक्षात आल्यासारखं वाटलं, पण ती म्हणाली एवढंच:

"रेघ ओढली की ती कुठवर चालते तेही सांगायचं असतं, बाई."

आणि चेंडू तिच्या ओंजळीत ठेवला.

"आभारी आहे, नालोंगो," स्कोव्हिया म्हणाली, आणि न उठताच तो वर नाकिमुलीकडे टाकला. मुलीने झेलला. बाईच खाली बसलेल्या बघून तिचेही गुडघे वाकू लागले.

"तू नको," स्कोव्हिया म्हणाली. "तू फेक."

तेव्हा कुठे मुवांगाची शिट्टी वाजली. सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"वेळ संपला होता," तो घसा खाकरत म्हणाला. "चेंडू समोरच्यांचा."

पहिली हसली ती नालोंगो. मग सगळ्या चटया हसल्या, आणि खेळ पुढे सुरू झाला.

निघताना आकेलोबाई स्कोव्हियाला गाडीच्या बाजूला घेऊन गेल्या.

"मुलींना चांगलं तयार केलंस. मनापासून सांगते. पण मला अर्ज आणि जे दिसतं ते ताडून बघावं लागतं. 'गुडघ्यांवरून पायांवर' म्हणतेस, आणि शिकवणारीच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "समितीला काय सांगू मी?"

"दिसलं ते सांगा."

"तेच सांगावं लागेल."

चेंडूंचं पोतं आणायला स्कोव्हिया मागे वळली. ती परत आली तेव्हा नालोंगो गाडीच्या पलीकडच्या अंगाने घराकडे निघाली होती, रिकाम्या हाताने. आणि आकेलोबाईंच्या दोन्ही हातांत एक मोठा अननस होता. त्यांच्या करड्या पॅन्टवर, दोन्ही गुडघ्यांवर, लाल मातीचे दोन गोल ठिपके उमटले होते. अननस मागच्या सीटवर ठेवून त्यांनी ते झटकले. ठिपके पसरले. मान वर केली तर समोर स्कोव्हिया.

"ही माती," आकेलोबाई म्हणाल्या, "लवकर निघत नाही."

"पाणी लावू नका," स्कोव्हिया म्हणाली. "वाळू द्या, मग झटका."

गाडी गेली. मुवांगा खांबावरचं कडं सोडू लागला.

"इंग्लंडमध्ये थंडी फार असते म्हणे," तो वरून म्हणाला.

"गप्प बस."

"मी फुकट आलोय, लक्षात असू दे. वर टोमणे मारायचेही पैसे घेत नाही."

तिला हसू आलं, आणि त्याचा राग आला. तिने खराटा घेतला आणि राखेची रेघ झाडायला सुरुवात केली. एक कोपरा पुसून झाला असेल नसेल, तोच परत चटईवर येऊन बसलेली नालोंगो म्हणाली,

"पुसतेस कशाला?"

"कॉफी पसरायची ना तुम्हाला? राख लागेल तिला."

"केळीखाली आहे ती. असू दे तिथेच."

"तिथे ऊन नाही, नालोंगो." हे स्कोव्हिया आज पहिल्यांदाच बोलत होती.

"नाही," नालोंगो म्हणाली, आणि शेंग फोडली. "ए दादा, ते कडंही राहू दे वर. उतरवायला कुणी सांगितलं तुला?"

घरातून नाकिमुली आजीसाठी पाण्याचा पेला घेऊन आली. चटईपाशी तिने दोन्ही गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पेला दिला, आणि आजी पिईपर्यंत तशीच थांबली. रिकामा पेला खाली ठेवला. मग उठली, स्कोव्हियाच्या हातून उरलेला एक चेंडू जवळजवळ हिसकावूनच घेतला, रेघ ओलांडली आणि कड्याकडे धावली.

त्या हंगामात नालोंगोची कॉफी उशिरा वाळली. थोडी काळीही पडली, आणि व्यापाऱ्याने मूठभर उचलून नाक मुरडलं. तो तोटा नालोंगोच्या नावावर लागला. हुकलेलं इंग्लंड स्कोव्हियाच्या नावावर लागलं. नाकिमुलीच्या नावावर काहीच निघालं नाही.