दोन्हीकडे सारखे गडी

फर्गसच्या डोक्यात काठी बसली तेव्हा गोठलेला भोपळा दगडावर आपटावा तसा आवाज आला. माझा धाकटा भाऊ बर्फावर पालथा पडला होता. नदीपलीकडच्या संघाचा केनी काठी धरून त्याच्यापाशी उभा होता, सगळ्या गावादेखत.

तेव्हा बर्फावरची हॉकी सात-सात जणांची. राखीव गडी नसे. एक जायबंदी झाला की समोरच्यांनी आपणहून एक गडी बाहेर काढायचा. सभ्य लोकांची रीत!

पलीकडचा कप्तान ब्रॅमवेल टोपी काढून म्हणाला, "आम्हीही एक कमी करतो."

आणि काढला कोणाला? केनीला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅण्डवाल्यांनीसुद्धा दोन ओळी फुंकल्या. शेजारच्या मिसेस टॉड म्हणाल्या, "याला म्हणतात खानदानी माणसं!"

"अहो, त्यानंच मारलंय!"

"खेळात लागतंच गं. तुझा फर्गस काय साखरेचा आहे, विरघळायला?"

मी कठडा ओलांडून धावले. चौघांनी त्याला उचलून प्रेक्षकांच्या बाकांखालच्या कपडे बदलायच्या खोलीत नेलं, बाकावर टाकलं. डॉक्टर लेनॉक्स आले. त्या दिवशी ते गोलमागचे पंच होते. गोल झाला की हात वर करायचा, एवढंच काम. त्यांनी फर्गसची पापणी उचलली, सोडली.

"शुद्ध हरपलीय. येईल. बर्फ ठेव डोक्यावर."

"डॉक्टर, कानातून रक्त येतंय!"

"इझबेल, माझ्यावाचून खेळ अडलाय. संपला की येतोच."

आणि गेले. डॉक्टर! मरणाऱ्याला सोडून हात वर करायला गेले.

दारात केनी कोट घालत होता. तोंड पांढरंफटक.

"बरा होईल ना तो? मी एवढ्या जोरात नव्हतं मारलं."

"इथेच थांब तू. पोलीस येईस्तोवर हलायचं नाही."

"कप्तान म्हणाला, गाडी पकड. मी आता खेळात नाहीये."

तो खरंच निघून गेला. त्याला अडवायचं म्हणजे फर्गसचा हात सोडायचा. मी नाही सोडला. फर्गसचा श्वास घरघरत होता, मग थांबून थांबून यायला लागला. डोक्यावरच्या फळ्यांवर अख्खं गाव पाय आपटत होतं. आमचा गोल झाला असावा. त्या गोंगाटात त्याचा शेवटचा श्वास कुठला, तेही मला कळलं नाही.

मी तशीच बर्फावर गेले, दोनदा पडले, मधोमध उभी राहिले.

"फर्गस गेला! थांबवा हे!"

सगळे थबकले. मला वाटलं, आता तरी थांबतील. आमचा कप्तान ह्यू सरकत जवळ आला. फर्गसबरोबर आमच्या चुलीशी बसून मटणाचं सूप प्यायलेला पोरगा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं कशाला बोलू. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "इझबेल, थोडाच वेळ राहिलाय गं. एका गोलनं पुढे आहोत आपण. आत्ता सोडलं तर सामना त्यांचा."

"ह्यू, तो मेलाय."

"त्याच्यासाठीच जिंकतोय ना!"

मी हलले नाही. तेव्हा दोघांनी मला काखेत हात घालून उचललं, पलीकडचा एक आणि आमचा एक, आणि कठड्याबाहेर नेऊन ठेवलं. मुख्य पंचानं घंटा वाजवली. पोरं पुन्हा पळायला लागली.