मेणात ठेवलेली साक्षीदार

मी राहिले ती मेणात. नखाएवढा गर्भाशयाचा तुकडा आहे मी, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आधी आपण कुठून आलो ते आठवावं.

माझी मालकीण बस चालवायची. तिची दोन पोरं मी पोसून बाहेर पाठवली. फुशारकी म्हणा हवं तर, पण काम सोपं नव्हतं. दर महिन्याला गादी घालायची, कुणी राहायला आलं नाही की गुंडाळायची. कधी काय करायचं ते प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक सांगत यायचं. त्याचा निरोप घ्यायला माझ्या पेशींत ग्राही बसलेले असत. एक आत, केंद्रकात. तो ऐकणार, मग सावकाश हुकूम सोडणार. त्यात तास जायचे. दुसरा पेशीच्या कडेला, पातळ आवरणातच बसलेला. निरोप दारात आला की हा कामाला लागलाच. माशाच्या अंड्याला ‘आता पिक’ म्हणून सांगतो तोही याच्याच घराण्यातला. पण शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं आतल्याचंच कौतुक केलं. दारातल्याची कुणी चौकशीही केली नाही. घरोघरी हेच चालतं, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

पुढे माझ्यात गाठी झाल्या, मालकिणीचं रक्त थांबेना, आणि मला काढायचं ठरलं. अभ्यासासाठी थोडा तुकडा ठेवू का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “ठेवा की. दोन पोरांना भाड्याशिवाय राहू दिलं तिनं. आता जरा चार माणसांत जाऊ दे.”

तशी मी प्रयोगशाळेत आले, आणि टिकावी म्हणून मला मेणाच्या वडीत बसवलं. तिथे काप काढणारी मावशी मला बर्फावर गार करायची, यंत्रात बसवायची, आणि पातं फिरवण्याआधी माझ्यावर हळूच श्वास सोडायची. त्यानं मेण फाटत नाही. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप कोमट पाण्यावर तरंगायचा, तो ती काचेवर अलगद उचलून घ्यायची. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

माझं काम साक्षीचं. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीचे काप रंगवायचे झाले की शेजारी माझे काप घेतलेल्या दोन काचा ठेवायच्या. एकीला दारातला ग्राही ओळखणारं रसायन लावायचं. तिची कड तपकिरी व्हायलाच हवी. दुसरीला ते सोडून बाकी सगळं लावायचं. ती कोरी राहायलाच हवी. दोघींपैकी एक जरी चुकली, तर त्या दिवशीचं सगळं फुकट.

हा सगळा खटाटोप तिथल्या डॉक्टरीणबाईंचा. काही गाठींत नेहमीचे ग्राही सापडतच नाहीत, त्यामुळे संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्यांचा तिथे उपयोग होत नाही. अशा गाठींत दारातला तरी आहे का, हे त्यांना बघायचं होतं. वरचे लोक हसायचे. “अहो, कडेला रंग सांडला असेल,” म्हणायचे.

अशीच एक गाठ मैदानावर मुलींना पळायला शिकवणाऱ्या बाईंची होती. तपासणीला आल्या की त्या दारातूनच विचारायच्या, “मिळालं का हो माझ्यात काही?”

“मिळालं तरी औषध लगेच नाही मिळायचं,” डॉक्टरीणबाई सांगायच्या.

“नसू दे. धरायला काहीतरी पाहिजे ना माणसाला.”

एक दिवस सगळे काप रंगले. पळणाऱ्या बाईंचासुद्धा. मावशी म्हणाली, “मॅडम, आज चहा तुमच्याकडून. त्यांना फोन लावा आधी.”

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला, खाली ठेवला आणि माझी दुसरी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बराच वेळ मान वर केली नाही.

“मावशी, जिला ते रसायन लावलंच नाही, तीही रंगलीय.”

“थोडीशीच असेल. बाकीच्यांचं किती छान आलंय.”

“हिचं खोटं, तर बाकीच्यांचं खरं कसं मानू?”

रंगाआधी आमच्या अंगातली स्वतःची चुळबुळ शांत करावी लागते, नाहीतर रंग आपोआप चढतो. ती शांत करणाऱ्या द्रवाची बाटली शिळी निघाली. सगळं पुन्हा करायचं होतं, आणि मेणात मी जेमतेम उरले होते. मावशीनं हळूच श्वास सोडून पातं फिरवलं. दोन काप निघाले. खाली नुसतं मेण.

या खेपेला माझ्या एका काचेची कड तपकिरी झाली, दुसरी काच कोरी राहिली. गाठींपैकी काहींनाच रंग आला. पळणाऱ्या बाईंच्या गाठीला आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर नाही सांगितलं. बोलावून घेतलं, समोर बसवलं, सरळ सांगितलं.

बाई म्हणाल्या, “म्हणजे माझी गाठ कुणाचंच ऐकत नाही. माझ्या नवऱ्यावर गेलीय.” हसल्या, डोळे पुसले. “बाकीच्यांचं तरी खरं आहे ना?”

“ज्यांचं आलंय, ते खरं आहे.”

“कशावरून?”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना माझ्या दोन्ही काचा दाखवल्या. बाईंनी आधी एक पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. माझ्यात काय दिसलं त्यांना, कोण जाणे. उठताना म्हणाल्या, “मग लागा कामाला. माझ्यासाठी दुसरं काही शोधा.”

मेणात आता मी उरलेली नाही. आहे ती या दोन काचांवर. अशी माणसं पाहायला मिळाली, माझं भागलं. तुमच्यापैकी कुणीही या, कितीही आशेनं बघा. मी तुमच्यासाठी रंग बदलणार नाही.