होडीतला वीर

मी एक जुना चांदीचा टाक आहे, मित्रांनो. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवतात तो छोटासा पत्रा, ज्यावर देवाची नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाची आकृती उठवलेली असते. पनवेलच्या खाडीकाठी एका कोळ्याच्या घरात मी राहतो. रोज हळद, कुंकू, ताजं फूल, म्हणजे थाटच म्हणायचा. पण मी जन्मलो तेव्हा टाक नव्हतोच मुळी. मी विलायतेत घडलेला एक क्रॉस, म्हणजे शौर्याचं पदक होतो आणि आरमारातल्या एका अधिकाऱ्याच्या छातीवर लटकत होतो!

माझ्या पाठीवर १९४५ हे साल कोरलं होतं. गळ्यात निळी-पांढरी फीत होती. ज्यांना मी मिळालो ते दयाराम चौबळ, आपल्या पनवेलचेच. तेव्हा ते लेफ्टनंट होते आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या एका लहान जहाजाचे प्रमुख होते. त्याच जहाजावर धर्मराज नावाचा खलाशी होता, खाडीकाठचा कोळी. दोघे डेकवर भेटले की कर्नाळ्याच्या सुळक्याच्या गोष्टी निघायच्या. तो सुळका दिसला की घर आलं, असं धर्मराज म्हणायचा.

एके सकाळी सुरुंग ओढायची तार तुटली आणि जहाजाच्या पंख्यात गुंतली. जहाज जागीच अडकलं. आणि समोरून, प्रवाहाबरोबर, एक सुरुंग हळूहळू सरकत येत होता. धर्मराज सुरा घेऊन पाण्यात उतरला. तार सुटल्याची खूण म्हणून त्याने खालून दोरी हिसडली. चौबळसाहेबांनी हुकूम दिला, जहाज निघालं, सगळे वाचले. धर्मराज तेवढा वर आला नाही.

त्या सकाळबद्दल साहेबांना मी मिळालो. धर्मराजाच्या घरी तार गेली, त्यात ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता.

पुढची वर्षं माझी मजेत गेली, खोटं कशाला बोलू? देश स्वतंत्र झाला, साहेब चढत चढत अ‍ॅडमिरल झाले, माझ्या शेजारी आणखी पदकं आली. संचलनं, सलाम, बँड! नोकर मला खडूच्या भुकटीने घासायचा. लोक माझ्याकडे बोट दाखवून विचारायचे, हे कशाबद्दल? साहेब म्हणायचे, लढाईतलं आहे, आणि विषय बदलायचे. मला वाटायचं, केवढा हा विनय.

मग १९६१ साली पनवेलकरांनी साहेबांचा सत्कार केला. हार झाले, भाषणं झाली. दुपारी साहेब गणवेशातच, मला छातीवर घेऊन, घरी बसले असताना दारात तीन बायका आल्या. धर्मराजाची आई मैना, बायको शांती, आणि बापाने कधीच न पाहिलेली मुलगी भामा. भरतीबरोबर होडीने आल्या होत्या.

मैनाबाईंना बसायला खुर्ची दिली तर त्या खाली बसल्या. म्हणाल्या, भामाचं लग्न ठरलंय. त्यांच्यात लग्नाआधी धवलारीण, म्हणजे विधीची गाणी म्हणणारी बाई, घरातल्या एकेका पूर्वजाला नाव घेऊन बोलावते. आता धर्मराजाला बोलवायचं की नाही? तो गेला असेल तर पूर्वजांत त्याचं नाव हवं, देव्हाऱ्यात टाक हवा. जिवंत असेल तर जित्या माणसाला मेलेल्यांत बसवायचं? मैनाबाईंचा धाकटा मुलगा दादू कधीचा म्हणत होता, आता टाक बसव. पण मैनाबाई ऐकत नव्हत्या. आणि शांती इतकी वर्षं हिरव्या बांगड्या भरत होती, कोळीवाड्यातल्या बायकांचे टोमणे ऐकत.

“सायेब, तू व्हतास तिथं,” मैनाबाई म्हणाल्या. “माजा पोर मेला का जिता हाय, येवढंच सांग.”

साहेबांचा श्वास मला फितीतून जाणवत होता.

“गेला, आई,” ते म्हणाले. “दोरी हलली, तेव्हा तो अजून पंख्याजवळच होता. मला ठाऊक होतं. सुरुंग अंगावर येत होता. मीच जहाज चालू करायला सांगितलं.”

कुणी रडलं नाही. भामा आजीला चिकटून बसली. शांती आपल्या मनगटाकडे बघत होती. मैनाबाईंनी विचारलं, “आनि हे सांगाया तुला इतकी वर्सं लागली?”

टाकासाठी पैसे द्यायला साहेबांनी पाकीट काढलं, तर म्हातारीने हातानेच नको म्हटलं. त्या घराची रीत अशी, की टाकाची चांदी गेलेल्या माणसाच्या कमाईची असावी. धर्मराजाची तर एक अंगठीसुद्धा घरी नव्हती. मग म्हातारीचं बोट उठलं ते थेट माझ्यावर.

“ही चांदी त्याच्या कमाईची हाय,” ती म्हणाली. “ही दे.”

साहेबांनी मला काढून तिच्या हातावर ठेवलं. एवढी मानाची वस्तू, पण ती मासळीच्या टोपलीत, ओल्या फडक्यात गेली. परतताना शांतीने होडीत बांगड्या एकेक करून काढल्या आणि खाडीत सोडल्या. भामाने तोंड फिरवलं.

पनवेलच्या तुळशीराम सोनाराने मला उलटसुलट पाहून हात जोडले. सरकारी मानाची वस्तू मी मोडणार नाही, म्हणाला. मैनाबाई दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या, गिऱ्हाईकं त्यांना ओलांडून जाऊ लागली, तेव्हा कुठे त्याने मूस तापवली. मी वितळलो, मित्रांनो. दुखतं का? दुखतं. माझ्या पाठीवरचं साल गेलं, पुढच्या बाजूचा विलायतेच्या राजाचा मुकुट गेला. तुळशीरामाने माझा पत्रा केला आणि लढाईत गेलेल्यांसाठी असतो तो ठसा काढला, घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर.

म्हातारीने तो बघितला. “माजा धर्मा घोड्यावं कवा बसला रे? समिंदरात घोडा बुरल नाय का?”

तुळशीरामाला हसू आलं, मग त्याने मान खाली घातली. होडीचा ठसा त्याच्याकडे नव्हता. त्याने छिन्नी घेऊन हातानेच होडी कोरली आणि तीत सुरा घेतलेला माणूस. नाक जरा वाकडं झालंय, पण चालतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी धवलारीण नावं घेत आली. आजोबांच्या नावानंतर ती थांबली आणि तिने मैनाबाईंकडे पाहिलं. मैनाबाईंनी स्वतःच नाव घेतलं, “धर्मराज.” मग गाणं पुढे गेलं.

साहेबांनाही बोलावणं होतं. ते साध्या कपड्यांत आले आणि मागे उभे राहिले. पूर्वजांसाठी वाढलेल्या पानाशेजारी मैनाबाईंनी दुसरं पान मांडलं आणि साहेबांना तिथे बसवलं. “त्याला वाढलंय,” त्या म्हणाल्या. “आता तू जेव.” त्यांनी माफ केलं की शिक्षा दिली, हे मला अजून कळलेलं नाही. साहेबांचा घास हातातच राहिला. पण पानावरून ते उठले नाहीत.

सणासुदीला शांती मला चिंचेने घासते, हलक्या हाताने, नाहीतर होडीतल्या माणसाचा चेहरा झिजेल. तुमच्या घरी टाक असतील, पदकं असतील, तर तीही अशीच जपा. पण कुणाच्या घरी वाट बघत बसले असतील आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर आधी उठा आणि तिथे जाऊन सांगा. पदक घासायचं नंतर बघता येईल.